लाल अक्षरं कुठून सुरू झाली?

"भाऊ, अपडेट लावलं तर बारा ठिकाणी लाल दाखवून राहिलं. एवढे बिघाड झाले काय कॉम्प्युटरमध्ये?"

सक्करदरा चौकातून उमरेड रोडला लागलं की उजव्या-डाव्या हाताला झेरॉक्सची, फॉर्म भरून देणाऱ्यांची छोटी दुकानं आहेत. हा प्रश्न त्यातल्याच एका दुकानातल्या ताईंचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला, आणि जुन्या पण धडधाकट कॉम्प्युटरचं काय करायचं म्हणून बऱ्याच जणांनी त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून घेतलं. ताईही त्यांच्यातल्याच. काम चाललं होतं, छपाई चालली होती. अपडेटनं मात्र दुकान उघडल्या उघडल्या घाबरवलं.

बारा लाल ओळींमागे बारा बिघाड नव्हते. एकच कारण होतं आणि त्याची किंमत एका नाण्याएवढ्या सेलइतकी होती. त्या सेलकडे तिसऱ्या भागात येऊ. तिथे पोचण्यासाठी अपडेट लावल्यावर आत काय घडतं ते आधी पाहावं लागेल.

१. बाजाराची यादी आणि बाजार

बुधवार बाजारात जाण्याआधी घरात काय आहे, काय संपलंय, कशाचा भाव काय चाललाय हे बघणं हे एक काम. पिशवी घेऊन प्रत्यक्ष माल आणणं हे दुसरं. लिनक्समध्येही ही दोन कामं वेगळी आहेत, आणि निम्मा गोंधळ नावांमुळे होतो. "अपडेट" या आज्ञेनं नवा माल येत नाही, फक्त ताजी यादी येते. माल येतो तो "अपग्रेड" या आज्ञेनं.

हा माल ठेवलेला असतो कोठारात, म्हणजे रिपॉझिटरीत. जगभरच्या विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी आपल्या सर्व्हरवर त्या कोठाराच्या हुबेहूब प्रती ठेवलेल्या असतात; त्यांना मिरर म्हणतात. आपल्याकडे आयआयटी कानपूरची अशी प्रत अनेकांच्या परिचयाची आहे. आणणारा नोकर म्हणजे अ‍ॅप्ट, आणि आणलेलं सामान घरात जागच्या जागी बसवणारा मिस्त्री म्हणजे डीपीकेजी. दोघंही डेबियनच्या घरचे. डेबियन १९९३ साली सुरू झालं, त्यावर २००४ मध्ये उबुंटू उभं राहिलं, उबुंटूवर मिंट. सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनच्याच पायावर आहे. म्हणून या प्रकरणातलं बहुतेक सगळं या चौघांनाही लागू पडतं.

एक अपग्रेड पुरं व्हायला पाच पायऱ्या लागतात: यादी आणणं, यादीवरची सही तपासणं, काय-काय लागेल याचा हिशेब मांडणं, माल उतरवून घेणं, आणि तो बसवणं. अ‍ॅप्ट वाट्टेल तिथे कोसळत नाही. यातल्या एखाद्या पायरीवर काही अर्धवट किंवा संशयास्पद दिसलं की तिथेच पाय रोवून उभं राहतं. कोणत्या पायरीवर थांबलं ते कळलं की उपाय बहुधा दोन ओळींचा असतो.

या पुस्तकात आज्ञा नागरीत छापल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टंकायच्या. "सुडो" म्हणजे एस-यू-डी-ओ. हा शब्द आधी लावला की आज्ञा मालकाच्या अधिकारानं चालते, म्हणून पासवर्ड विचारला जातो. पासवर्ड टंकताना पडद्यावर अक्षरं उमटत नाहीत, तरी तो आत जात असतो.

२. शेवटची नव्हे, पहिली ओळ

घरातला मुख्य फ्यूज उडाला की पंखा, फ्रिज, टीव्ही सगळंच बंद पडतं. त्यातल्या शेवटच्या बंद टीव्हीकडे बघून मिस्त्रीला बोलावलं तर तो टीव्ही उघडून बसेल. अपडेटच्या लाल ओळींचंही तसंच आहे. खालची ओळ डोळ्यांसमोर असते म्हणून आपण तीच वाचतो, आणि कारण मात्र वर सरकून गेलेलं असतं. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी वर ओढा आणि जिथून गडबड सुरू झाली ती पहिली ओळ शोधा.

ओळीच्या सुरुवातीचं एक अक्षरही बरंच सांगतं. 'ई' म्हणजे एरर: काम थांबलं. 'डब्ल्यू' म्हणजे वॉर्निंग: काम झालं, पण इकडे लक्ष द्या. 'एन' म्हणजे नोटीस: नुसती माहिती. कित्येक जण 'एन'च्या ओळी बघून कॉम्प्युटर नव्यानं भरायला निघतात. ते करू नका.

हे संदेश मराठीतही मिळू शकतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. सी-डॅक मुंबईच्या जनभारती प्रकल्पातल्या लोकांनी अ‍ॅप्टचे संदेश मराठीत आणले. भाषा मराठी निवडलेली असेल तर ते दिसतात. मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. आपल्या यंत्रानं आपल्या भाषेत अडचण सांगावी ही साधी गोष्ट नाही. मात्र जगभरात त्याच अडचणीचं उत्तर शोधायचं असेल तर इंग्रजी शब्द हाताशी लागतात. त्यासाठी आज्ञेच्या आधी मोठ्या अक्षरांत "एलसी_ऑल=सी" लिहायचं, तेवढ्या वेळापुरता संदेश इंग्रजीत येतो. ज्यांना लिनक्सची बाराखडीच शिकायची आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी धडे आहेत, तेही बघावेत.

३. यादीच येत नाही

पहिल्या पायरीवरच्या अडचणी सगळ्यात जास्त, आणि सगळ्यात निरुपद्रवी.

"टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग" आलं तर नेट नाही, किंवा नाव सांगून पत्ता विचारण्याची सोय बंद आहे. ब्राउझरमध्ये एखादं पान उघडतं का ते बघा. नसेल उघडत, तर लिनक्सला हातही लावू नका, राउटर बघा.

हॉस्टेलच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर वेगळाच प्रकार होतो. तिथे आधी लॉगिनचं पान भरावं लागतं. ते न भरता अपडेट लावलं की यादीच्या जागी तेच लॉगिनचं पान अ‍ॅप्टच्या हातात पडतं. अ‍ॅप्ट ते उघडून बघतं, त्यावर सही नाही म्हणून परत करतं, आणि शेवटी विचारतं: या नेटवर्कला ओळख द्यावी लागते का? प्रश्न अगदी नेमका असतो, पण तो लाल अक्षरांत असल्यामुळे कोणी वाचत नाही.

"४०४ नॉट फाउंड" म्हणजे दुकान सापडलं, पण मागितलेली वस्तू तिथे नाही. कधी आपली यादी जुनी असते आणि मधल्या काळात मालाची नवी आवृत्ती आलेली असते. "सुडो अ‍ॅप्ट अपडेट" पुन्हा चालवलं की भागतं. पण सगळ्याच ओळींवर ४०४ असेल तर बहुधा आवृत्तीचं आयुष्य संपलेलं असतं. उबुंटूचे आकडे वाचायला सोपे आहेत: २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येणाऱ्या, एलटीएस म्हटल्या जाणाऱ्या आवृत्त्यांना पाच वर्षं आधार मिळतो, बाकीच्यांना जेमतेम नऊ महिने. आता हिशेब करा: २३.१० आली ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्यात नऊ महिने मिळवा, जुलै २०२४. त्यानंतर अशा आवृत्तीचा माल कोठारातून जुन्या गोदामात हलवला जातो आणि नेहमीच्या पत्त्यावर ४०४ मिळतो. त्यातून वाट काढण्याचे मार्ग आहेत, पण माझं स्पष्ट मत असं की आपल्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर काढावी आणि सरळ एलटीएस आवृत्ती भरावी. दुकानाच्या, शाळेच्या, घरच्या कॉम्प्युटरवर नऊ महिन्यांची आवृत्ती टाकूच नये.

आता ताईंच्या बारा ओळी. पहिली ओळ म्हणत होती की रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही, व्हायला ९ दिवस १० तास बाकी आहेत. उद्याचं वर्तमानपत्र आज हातात आलं तर आपणही तारखेकडे दोनदा बघू. अ‍ॅप्टला तसंच झालं होतं. बहुतेक कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा चपटा सेल असतो. वीज बंद असताना घड्याळ चालवत ठेवणं हे त्याचं काम. ताईंचा सेल संपला होता. लिनक्स शेवटची वेळ डिस्कवर नोंदून ठेवतं आणि घड्याळ फारच मागे गेलेलं दिसलं तर निदान त्या नोंदीपासून पुढे मोजायला लागतं. दुकान १ तारखेला रात्री ८ वाजता बंद झालं, नऊ दिवसांच्या सुट्टीनंतर ११ तारखेला सकाळी उघडलं. कॉम्प्युटरच्या लेखी अजून १ तारखेची रात्रच होती. यादीवर सही झाली होती ११ तारखेला सकाळी ६ वाजता. दोन्हींतलं अंतर मोजा: ९ दिवस १० तास.

एरवी नेट जोडलं की घड्याळ मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप जुळतं. ताईंनी त्याआधीच अपडेट लावलं होतं. "टाइमडेटसीटीएल" ही आज्ञा दिली की घड्याळ जुळलंय की नाही ते दिसतं. आम्ही थोडं थांबून पुन्हा अपडेट लावलं, बाराच्या बारा ओळी गेल्या. सेल संध्याकाळी बदलला.

४. पिशवीवरची मोहोर

टपालाची पिशवी दोरीनं बांधून तिच्यावर लाखेची मोहोर उठवत, आणि आत कोणकोणते जिन्नस आहेत याची यादी ठेवत. प्रत्येक पाकिटावर मोहोर लागत नसे. पिशवीची मोहोर शाबूत आणि यादीशी माल जुळतोय, एवढं पुरे. अ‍ॅप्टची रचना तशीच आहे. रिलीज नावाच्या एका फाइलवर डिजिटल सही असते. त्या फाइलमध्ये मालाच्या याद्यांचे ठसे असतात, याद्यांमध्ये एकेका पॅकेजचे ठसे असतात. ठसा म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणितानं काढलेला आकडा. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी आकडा पार बदलतो. इंग्रजीत त्याला हॅश म्हणतात.

"हॅश सम मिसमॅच" ही चूक इथली. ठसा जुळला नाही. नव्वद टक्के वेळा, असं मी अनुभवानं म्हणतो, मिररवर त्याच क्षणी नवा माल उतरत असतो आणि आपल्याला नवी यादी-जुना माल असं मिश्रण मिळतं. तासाभरानं पुन्हा करा. तरी तेच झालं तर 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मध्ये जाऊन भारतातल्या सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हर निवडा. सांगोवांगी मिळालेली, पुसून टाकणाऱ्या 'आरएम' या शब्दानं सुरू होणारी आज्ञा इथे देऊ नका. एक जागा चुकीची सुटली तर यादीऐवजी दुसरंच काही पुसलं जाईल.

"नो पबकी" हा संदेश मात्र वेगळा. सही आहे, पण ती कोणाची हे ओळखायला लागणारी चावी आपल्याकडे नाही. उबुंटूच्या किंवा मिंटच्या स्वतःच्या कोठाराबाबत हे क्वचितच होतं. बाहेरून जोडलेल्या एखाद्या ब्राउझरच्या किंवा प्रिंटरच्या कोठाराबाबत होतं. त्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या अधिकृत पानावर चावी कशी घ्यायची ते दिलेलं असतं, तिथूनच घ्यायची. 'अ‍ॅप्ट-की' वापरा असं सांगणारे सल्ले जुने झाले, ती आज्ञा मोडीत निघाली आहे. आणि "सही तपासूच नको" असं सांगणारा पर्याय कोणी सुचवला तर हात जोडून नाही म्हणा. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसून कोणी तरी १७.३ सिनॅमन आवृत्तीची डाउनलोडची वाट मागचं दार ठेवलेल्या नकली फाइलकडे वळवली होती. मिंटच्या लोकांनी लगेच जाहीर केलं आणि ठसा ताडून बघायला सांगितलं. ज्यांनी ताडला त्यांना खरं-खोटं कळलं. लाल अक्षरांतली "नो पबकी" ही एक चूक अशी आहे की जिचा त्रास वाटून घेऊ नये.

५. आत कोणी तरी आहे

"कुड नॉट गेट लॉक". न्हाणीघराला आतून कडी आहे, एवढाच याचा अर्थ. उबुंटू सुरक्षेची अपडेट्स रोज आपणहून लावतं. कॉम्प्युटर चालू करून लगेच आपण अपडेट लावलं की दोघांची गाठ पडते. पाच-दहा मिनिटं थांबा. कुलपाची फाइल पुसून टाका असा सल्ला सर्रास मिळतो. आत खरोखर कोणी असताना दार तोडलं तर पुढच्या भागातली दुखणी ओढवून घ्याल.

६. लाईन गेली!

मे महिन्याची दुपार, बाहेर ४५ अंश, घरोघरी कूलर चालू, आणि मोठं अपग्रेड निम्म्यावर आलेलं असताना लाईन जाते. नागपुरात हे कोणाला सांगायला नको. पडदा काळा होतो आणि पोटात गोळा येतो. पुन्हा सुरू केल्यावर अपडेट म्हणतं, "डीपीकेजी वॉज इंटरप्टेड". मिस्त्रीचं काम मधेच तुटलं.

किती नुकसान झालं? बहुतेक वेळा काहीच नाही, आणि ते का, हे समजून घेण्यासारखं आहे.

नवा कूलर घरी आला की दोन कामं असतात. खोक्यातून काढून खिडकीशी ठेवणं हे एक. वाळ्याच्या ताट्या बसवणं, पंपाची नळी जोडणं, पाणी भरणं, वायर लावणं हे दुसरं. डीपीकेजी पॅकेज असंच दोन टप्प्यांत लावतं: आधी उलगडतं, मग जुळवतं. उलगडताना ते जुन्या फाइलवर नवी गिरवत नाही. नवी फाइल शेजारी, नावापुढे 'डीपीकेजी-न्यू' अशी शेपटी लावून पूर्ण लिहितं. ती डिस्कवर नीट उतरली की मगच नाव बदलून तिला जुनीच्या जागी बसवतं. नाव बदलणं ही क्षणाची क्रिया आहे. लाईन त्याआधी गेली तर जुनी फाइल शाबूत, नंतर गेली तर नवी शाबूत. अर्धी जुनी-अर्धी नवी अशी फाइल राहू नये म्हणूनच ही सगळी खटपट. शिवाय कोणतं पॅकेज कोणत्या टप्प्यावर आहे याची नोंद एका वहीत, 'स्टेटस' नावाच्या फाइलमध्ये, चालू असते, आणि त्या वहीची मागची प्रतही ठेवलेली असते.

समजा ४० पॅकेजेस लावायची होती. २५ उलगडून झाली, सव्विसाव्याला लाईन गेली. वहीत लिहिलेलं आहे: २५ उलगडलेली पण न जुळवलेली, एक अर्धवट, १४ अजून जुनीच. म्हणून संदेशातच उपाय सांगितलेला असतो:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

डी-पी-के-जी ही चार सुटी अक्षरं, 'कॉन्फिगर'च्या आधी दोन उणे चिन्हं, 'ए'च्या आधी एक. म्हणजे उलगडलेलं जे-जे आहे ते सगळं जुळवून टाक. त्यानंतर "सुडो अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल". सव्विसावं अर्धवट पॅकेज ते पुन्हा आणून बसवतं. मग नेहमीचं अपडेट आणि अपग्रेड, उरलेल्या चौदांसाठी. क्रम हाच ठेवा.

पडदाच येत नसेल तर? कॉम्प्युटर सुरू होताना ग्रब नावाची यादी दिसते. दिसत नसेल तर सुरुवातीला शिफ्ट किंवा एस्केप दाबून ती आणता येते. त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली जुना कर्नल असतो. कर्नल म्हणजे लिनक्सचं हृदय, आणि नवा बसवला तरी आधीचा एक राखून ठेवला जातो तो याच दिवसासाठी. त्याच्या रिकव्हरी मोडमध्ये 'डीपीकेजी' नावाचा पर्याय आहे, तो तुटलेली पॅकेजेस दुरुस्त करतो. इथपर्यंत आलेले बहुतेक कॉम्प्युटर मी पुन्हा उभे राहिलेले पाहिले आहेत.

आणि तरीही: डेस्कटॉपला इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर मोठं अपग्रेड सकाळी लवकर लावा. लॅपटॉप असेल तर चार्जर जोडून.

७. जागा संपली

"नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" वाचून लोक फोटो, सिनेमे पुसतात आणि तरी संदेश जात नाही. कारण भरलेली असते ती वेगळीच खोली. डिस्क कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्टेड करून घेतलेली असली की 'बूट' हा छोटा वेगळा कप्पा बनतो आणि कर्नल त्यातच राहतात. समजा कप्पा ५०० एमबीचा आहे आणि एका कर्नलचा संच १५० एमबीचा. तीन संच बसले, ४५० भरले. चौथ्याला ५० एमबी उरतात. "डीएफ -एच" ही आज्ञा प्रत्येक कप्पा किती टक्के भरला ते दाखवते. 'बूट' शंभराला टेकलेला दिसला तर "सुडो अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह" द्या. जुने, नको असलेले कर्नल ते काढतं. होकार देण्याआधी ती यादी मात्र वाचा. त्यात तुमच्या डेस्कटॉपचं नाव दिसलं तर 'एन' दाबून बाहेर या आणि जाणकाराला दाखवा. मुख्य कप्पा भरला असेल तर "सुडो अ‍ॅप्ट क्लीन" उतरवून ठेवलेली जुनी पार्सलं टाकून देतं; त्यानं तुमचं काहीच जात नाही.

८. एकच शेगडी, एकच कुकर

एक प्रोग्राम म्हणतो मला निदान पाच लिटरचा कुकर हवा. दुसरा म्हणतो तीन लिटरचाच चालेल. ओट्यावर जागा एकाच कुकरची. "अनमेट डिपेंडन्सीज" हे भांडण असं असतं. अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या सामायिक भागांना लायब्ररी म्हणतात, आणि एका लायब्ररीची सहसा एकच आवृत्ती घरात राहते. कोठारातला माल एकमेकांशी जुळवूनच ठेवलेला असतो. भांडण बहुधा बाहेरून जोडलेल्या पीपीएमुळे, म्हणजे कोणा एकट्यादुकट्यानं चालवलेल्या खासगी कोठारामुळे लागतं. संदेशातली पॅकेजची नावं वाचा, ती कोणत्या बाहेरच्या कोठारातून आली ते आठवा, 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मध्ये त्या कोठारापुढची खूण काढा, आणि पुन्हा अपडेट लावा. त्यातून आलेलं पॅकेज काढावं लागलं तर काढा. "हेल्ड ब्रोकन पॅकेजेस" याचंही मूळ बहुतेकदा इथेच सापडतं.

शेवटी एक संदेश, जो चूक नसूनही सगळ्यात जास्त विचारला जातो: अमुक पॅकेजेस "केप्ट बॅक", म्हणजे मागे ठेवली, किंवा टप्प्याटप्प्यानं द्यायची म्हणून थांबवली. उबुंटू काही अपडेट्स एकदम सगळ्यांना देत नाही. आधी थोड्यांना देतं, तक्रारी येतात का बघतं, मग वाटा वाढवत नेतं. आपला नंबर आला नाही, एवढंच. जबरदस्तीनं ओढून आणण्याची आज्ञा आहे. ती देऊ नका.

पुढच्याच महिन्यात ताईंचा फोन आला. "भाऊ, आता तीन मागं ठेवले म्हणते. लाल नाही, साधंच लिहिलं आहे. पहिली ओळ वाचली मी." मी म्हटलं, राहू द्या. चार दिवसांनी त्यांनी अपडेट लावलं तेव्हा ती तिन्ही आपसूक आत गेली होती.